थंडीचं मागणं

पांडुरंगा, आमच्या घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या तुझ्याकडे पाऊस मागितला. मृगाचा वेळेवर यावा, परतीचा फार रेंगाळू नये, मणी भरलेल्या द्राक्षांवर अवकाळी कोसळू नये. नाशिककडच्या बागाइतदाराचं सगळं मागणं एवढ्यात मावतं. मी त्याच घरातली लेक, आणि आज तुझ्याकडे थंडी मागते आहे. बर्फाची नको, हाडं गोठवणारी नको. पारा सात अंशांच्या खाली उतरेल अशा लांब रात्री हव्यात. नोव्हेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत अशा गारव्याचे मिळून चारपाचशे तास भरावेत, एवढंच माप आहे.

हे मागणं जर्दाळूच्या झाडासाठी आहे. कॅलिफोर्नियातल्या सांता क्लारा खोऱ्यात, सनीवेल गावी, तू आम्हाला घर दिलंस आणि घरामागे थोडी माती दिलीस. त्या मातीत जर्दाळू लावायचा आहे. जानेवारी लागला की इथल्या रोपवाटिकांत उघड्या मुळांची कलमं येतात. झाड पानं गाळून झोपलेलं असतं तेवढ्या काळातच ती जमिनीतून काढतात, माती झटकतात आणि मुळं ओल्या भुशात पुरून विकायला ठेवतात. घेणाऱ्याने जात घरूनच ठरवून जायचं असतं. एकदा लावलेलं झाड पंचवीस-तीस वर्षं त्याच जागी उभं राहणार. म्हणून रोपवाटिकेत जाण्याआधी मी तुझ्यापाशी आले आहे.

अरणच्या सावता महाराजांनी मळ्यालाच पंढरी मानलं, आणि तू त्यांना भेटायला मळ्यात गेलास, असं माझ्या आजीने मला सांगितलं आहे. भाजीच्या वाफ्यात येणारा तू जर्दाळूच्या आळ्यापाशीही येशील, या भरवशावर बोलते.

आधी तुझं गुणगान. जर्दाळूची जी कळी फेब्रुवारीत उमलायची, ती तू आदल्या उन्हाळ्याच्या अखेरीसच फांदीवर घडवायला घेतोस. पानगळ झाली की तिला निजवतोस, आणि तिच्या आत थंडीची मोजणी लावून देतोस. जानेवारीत मध्येच चार दिवस उबदार पडले, तरी मोजणी पुरी झाल्याशिवाय ती जागी होत नाही. मोजणी पुरी झाली की मात्र ऊब मिळताच फुगू लागते. आणि हिवाळा फारच सौम्य गेला, तर कळ्या न उमलताच गळून पडतात, पालवीही उशिरा आणि तुटक फुटते. एवढ्याशा कळीला तू हिवाळा मोजायला शिकवलंस, देवा. त्या शिकवणीपुढे मी हात जोडते.

आमच्या महाराष्ट्राला हे झाड तू दिलं नाहीस, त्याचंही कारण हेच. महाबळेश्वरला स्ट्रॉबेरी पिकते, पण जर्दाळूची मोजणी पुरी होईल इतकी थंडी तिथेही पडत नाही. आमच्या लहानपणी जर्दाळू म्हणजे सुक्या मेव्याच्या दुकानातलं सुरकुतलेलं, तपकिरी फळ. गर खाऊन झाला की आठळी फोडायची आणि आतला गोड दाणा बदामासारखा खायचा. इथे आल्यावर कळलं की तसा गोड दाणा प्रत्येक जातीत नसतो. इथल्या बऱ्याच जातींचा दाणा कडू, आणि त्या कडूपणात सायनाइडचं विष. फळ दिसायला एकच, पण एका जातीचा दाणा पोराच्या हातात ठेवावा आणि दुसऱ्या जातीचा फेकून द्यावा, असं तू करून ठेवलंस. जात पारखणं माणसाला पहिल्यांदा कशासाठी शिकावं लागलं असेल, ते मला यातून समजतं.

आता या खोऱ्यासाठी आभार मानते. ही जमीन मुळात ओहलोनी लोकांची. १७७७ साली इथे सांता क्लाराचं स्पॅनिश मिशन उभं राहिलं. १७९२ साली जॉर्ज व्हँकूव्हर हा इंग्रज दर्यावर्दी तिथे येऊन गेला, तेव्हा मिशनच्या बागेत पीच, सफरचंद, नासपती आणि अंजिरांबरोबर जर्दाळूही होता. पुढच्या दीडशे वर्षांत हे खोरं फळबागांनी भरून गेलं. १९४० च्या सुमारास लाखभर एकरांवर फळझाडं उभी होती. जून-जुलैत छपरांखाली बायका आणि मुलं जर्दाळू चिरायला बसत. फळाचे दोन भाग करायचे, आठळी काढायची, अर्धुकं लाकडी ट्रेवर चिरलेली बाजू वर करून मांडायची, मग गंधकाची धुरी देऊन उन्हात वाळत घालायची. पाच-सहा किलो ताज्या फळाचा एक किलो सुका जर्दाळू होई.

ते हात कुणाकुणाचे होते, देवा! इटलीहून, पोर्तुगालहून, क्रोएशियाहून, जपानहून, फिलिपिन्सहून, मेक्सिकोहून आलेल्या माणसांचे. परक्या मातीत येऊन झाड जगवणारी मी पहिली नाही, हे मला त्यांनी शिकवलं. १९४२ साली त्यांच्यातल्या जपानी कुटुंबांना ऐन हंगामाच्या तोंडावर शेतं-बागा सोडायला लावून सरकारने छावण्यांत नेलं. ज्यांनी झाडं वाढवली आणि फळ काढायला जे तिथे राहू शकले नाहीत, त्यांच्या आत्म्यांना शांती दे.

मग १९५६ साली शेजारच्या माउंटन व्ह्यूमध्ये सिलिकॉनवरचं काम सुरू झालं, आणि काही दशकांत बागांच्या जागी कारखाने, कचेऱ्या आणि घरं आली. आमची भाकरी त्याच उद्योगाची आहे. जी झाडं गेली त्यांच्या जागेवर आम्ही राहतो, हे मी तुझ्यासमोर बोलून दाखवते, कारण त्यातूनच हे मागणं निघालं आहे. काही बागा गावांनी राखल्या. सनीवेलने दहा एकरांची जर्दाळूची बाग ठेवली, सॅराटोगाने आपली जुनी फळबाग ठेवली, लॉस आल्टोसच्या नगरपालिकेच्या आवारात अजून जर्दाळू फुलतो. २०११ साली स्टीव्ह जॉब्ज कुपर्टिनोच्या नगरसभेत नव्या कचेरीची योजना मांडायला उभा राहिला, तेव्हा तिथे जर्दाळूची झाडं लावायचं त्याच्या बोलण्यात आलं. त्याचं बालपण याच खोऱ्यातलं. ज्याने हे फूल लहानपणी पाहिलं, त्याला ते विसरता येत नाही. ज्यांनी ज्यांनी एखादं झाड राखलं, त्यांचं भलं कर.

आता माझं खरं मागणं. मला निवडीचा विवेक दे.

रोपवाटिकेच्या यादीत नावं पुष्कळ आहेत आणि प्रत्येक नावाखाली गोडव्याचं वर्णन आहे. मूरपार्क आहे, इंग्लंडमध्ये अठराव्या शतकापासून नावाजलेला. जेन ऑस्टिनच्या कादंबरीतही त्याच्यावरून दोन पात्रांचा वाद होतो. फळ मोठं, गर सुगंधी, पण त्याला थंडी जास्त लागते, आणि एकाच फळाची एक बाजू पिकते तेव्हा दुसरी कच्ची राहते. टिल्टन वाळवायला आणि डबाबंद करायला चांगला, पण त्याची थंडीची मागणी आमच्या खोऱ्याला झेपेलच असं नाही. ऑन्टारियोच्या संशोधनातून आलेला हारकॉट हा कडक थंडीच्या मुलखाचा गडी. प्युजेट गोल्ड वॉशिंग्टनच्या ओल्या, ढगाळ किनाऱ्यासाठी काढलेला. उलट गोल्ड किस्ट आणि केटी यांना दोन-तीनशे तासांची थंडी पुरते, म्हणून दक्षिण कॅलिफोर्नियातली माणसं ते लावतात. आणि या सगळ्यांत आमच्या खोऱ्याचा म्हणून ओळखला जाणारा ब्लेनहाइम. रॉयल आणि ब्लेनहाइम ही दोन नावं कॅलिफोर्नियात आता एकाच झाडाला लागतात. चारपाचशे तासांची थंडी, मध्यम आकाराचं फळ, आंबट-गोड असा गर की त्याच्यापुढे दुकानातला जर्दाळू पाणचट वाटावा. पिकला तरी देठाकडची बाजू थोडी हिरवी राहते, म्हणून बाजाराला तो आवडत नाही. बाजाराने कडक, लांबवर जाणारी, सगळीकडून केशरी दिसणारी फळं निवडली आणि ब्लेनहाइम मागे पडला.

देवा, मला डोळ्यांनी निवडू देऊ नकोस. यादीतल्या रंगीत छायाचित्रावर माझं मन गेलं, तर ते मागे ओढ. जास्त थंडी मागणारी जात घेतली, तर सौम्य हिवाळ्यात ती उपाशी राहील आणि कळ्या गाळेल. फार कमी थंडीवर भागणारी घेतली, तर ती जानेवारीच्या उन्हालाच भुलून फुलेल आणि पुढच्या पावसात तिचा बहर सडेल. या दोन टोकांच्या मधली जागा ओळखायची नजर मला दे. शेजारच्या जुन्या झाडाकडे बघायची बुद्धी दे. रोपवाटिकेचं माहितीपत्रक एका हंगामाचं असतं, आणि जुनं झाड त्या जागेचे सगळे हिवाळे पाहिलेलं असतं.

आता पावसाचं सांगते. फेब्रुवारीच्या अखेरीस आमच्याकडे जर्दाळू फुलतो आणि त्याच दिवसांत इथला पावसाळाही असतो. फुलं ओली राहिली की तपकिरी कुजीची बुरशी फुलातून शिरते आणि अख्खी डहाळी वाळून जाते. थंड, ओल्या दिवसांत मधमाश्या पोळ्याबाहेर पडत नाहीत. झाड स्वतःच्याच परागावर फळ धरू शकतं, ही तू केलेली केवढी सोय! जोडीला दुसरं झाड नसलं तरी चालतं. पण पराग उचलायला माशी लागतेच. म्हणून मनात येतं की तुझ्याकडे मागावं, बहराचे दहा दिवस कोरडे ठेव.

पण ते मी मागणार नाही. याच पावसावर इथली धरणं भरतात. दुष्काळाची वर्षं या राज्याने पुष्कळ पाहिली आहेत. खाली सॅन वाकीन खोऱ्यात शेतकऱ्याच्या विहिरी आटतात आणि शेतमजुरांच्या वस्त्यांतल्या नळांना पाणी येत नाही. माझ्या एका झाडासाठी त्यांचा पाऊस थांबवायला सांगणारी प्रार्थना मला तुझ्यासमोर करवत नाही. तू तुझ्या मनाने पाऊस पाड. हिवाळा सौम्य करायचा की कडक, तेही तुझ्या हाती. आणि हिवाळे जे उबदार होत चालले आहेत, त्यात आम्हा माणसांच्या धुराचा मोठा वाटा आहे, तो भार तुझ्या माथी मारत नाही. ऋतू मला हवा तसा वाकव, हे मागणं मी मागे घेते. त्याऐवजी एवढंच दे, की जो ऋतू तू पाठवशील त्याला पुरून उरेल असं झाड निवडायला मी शिकावं.

मग जमिनीसाठी मागते. सनीवेलची माती काळी, चिकण आहे. उन्हाळ्यात भेगाळते, हिवाळ्यात पाणी धरून ठेवते. आमच्या गोदाकाठच्या काळ्या रानाची ती सख्खी बहीण शोभेल, म्हणून माझा तिच्यावर जीव जडला. पण जर्दाळूला पाय ओले ठेवून उभं राहणं सोसत नाही. मुळांना हवा मिळाली नाही की ती कुजतात, आणि वर खोडातून डिंक वाहू लागतो. म्हणून खुंट निवडतानाही मला जागं ठेव. पीचच्या खुंटावरचं कलम हलक्या, निचऱ्याच्या जमिनीत जोमाने वाढतं, पण चिकण जमिनीत अडतं. मारियाना नावाच्या प्लमच्या खुंटाला ओल अधिक सोसते. वरच्या फळाचं नाव सगळे विचारतात आणि जमिनीखालच्या खुंटाचं कुणी विचारत नाही. मला दोन्ही विचारायचं सुचव. लावताना वरंब्यासारखा उंचवटा करून त्यावर लावीन, कलमाचा सांधा मातीच्या वर ठेवीन, खोडाशी पाणी साचू देणार नाही. लाकडाच्या चिपांचं आच्छादन घालीन, पण ते खोडाला टेकू देणार नाही. कोवळ्या खोडावर पातळ पांढरा रंग देईन, म्हणजे दुपारच्या उन्हाने साल भाजून आत भुंगा शिरणार नाही. तू फक्त हे सगळं आठवणीने करून घे.

माझ्या हातातल्या कात्रीवर तुझा हात असू दे. नाशिकला आम्ही एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि ऑक्टोबरात गोडी छाटणी करतो; छाटणीचा दिवस चुकला तर वर्ष चुकतं, हे घरात बाळकडूतच मिळालेलं. इथे बहुतेक फळझाडं हिवाळ्यात छाटतात. जर्दाळू मात्र हिवाळ्यात छाटू नये, कारण पावसाच्या थेंबांबरोबर युटायपा नावाच्या बुरशीचे बीजाणू ताज्या जखमेत शिरतात आणि फांदी आतून मरत जाते. म्हणून फळं उतरली की जुलै-ऑगस्टच्या कोरड्या दिवसांत छाटणी उरकायची, पावसाला निदान दीड महिना अवकाश असताना. जखम भरून यायला झाडाला वेळ द्यायचा. आखूड काटक्यांवर फळ धरतं, आणि त्या काटक्या तीन-चार वर्षांत म्हाताऱ्या होतात, म्हणून दरवर्षी जुनं लाकूड थोडं काढून नव्याला जागा करून द्यायची. कापताना माझं मन कचरू नये, आणि कापणं अंगवळणी पडून ते निबरही होऊ नये.

विरळणीच्या दिवशी माझा लोभ आवर. एप्रिलमध्ये फळं सुपारीएवढी झाली की त्यांतली निम्म्याहून जास्त खुडून टाकायची असतात, दोन फळांत चार बोटांचं अंतर राहील इतकी. न खुडली तर सगळीच बारीक राहतात, फांदी मोडते, आणि पुढच्या वर्षी झाड दमून फळच देत नाही. धरलेलं फळ आपल्या हाताने खाली टाकणं शेतकऱ्याच्या मुलीला जड जातं, देवा. त्या दिवशी माझ्याजवळ उभा राहा.

औषधांच्या बाबतीत मला सावध ठेव. आमच्याकडे द्राक्षावर गंधकाची भुकटी सर्रास मारतात, पण जर्दाळूच्या पानांना गंधक सोसत नाही, पानं भाजून गळतात. पानगळीनंतर पानांवरच्या बुरशीसाठी मोरचुदाचं औषध चालतं. आणि चिरलेल्या फळाला मात्र गंधकाचीच धुरी लागते, तिच्याने त्याचा केशरी रंग टिकतो. एकच द्रव्य जिवंत झाडाला मारक आणि उतरलेल्या फळाला तारक. योग्य वस्तूसुद्धा योग्य वेळी आणि योग्य जागीच द्यावी, ही तुझी रीत मला बागेत शिकव, आणि मुलांना वाढवतानाही आठवू दे.

मग जूनची अखेर येऊ दे. ब्लेनहाइम पिकायचा काळ तो. त्या दिवसांत पारा अडतीस अंशांच्या वर गेला तर गर आठळीपाशी आतल्या आत तपकिरी होऊन मऊ पडतो. समुद्राकडून येणारा गार वारा आम्हाला यातून वाचवतो. तो वारा असाच येत राहो. आंबा आम्ही कच्चा उतरवून आढीत पिकवतो. जर्दाळू तसा पिकत नाही. हिरवा तोडला तर तो मऊ होतो, रंगतोही, पण झाडावर भरायची राहिलेली साखर नंतर भरत नाही. त्यामुळे तो झाडावरच पिकू द्यावा लागतो, आणि पिकला की दोनतीन दिवसांत संपवावा लागतो. एका झाडाची सगळी फळं दोन-अडीच आठवड्यांत उतरतात. एवढी फळं एका घराला खाता येत नाहीत.

हे तू मुद्दाम केलंस, असं मी मानते. साठवता न येणारं फळ दिलंस म्हणजे ते वाटायला लावलंस. त्या आठवड्यांत माझं दार उघडं राहू दे. डावीकडच्या व्हिएतनामी आजींना, समोरच्या मेक्सिकन कुटुंबाला, महाराष्ट्र मंडळात ढोल वाजवणाऱ्या पोरांना, कामावरून दमून येणाऱ्या एकट्या मुलांना फळ मिळू दे. वाटून उरलं तर त्याचा मुरंबा होऊ दे, ट्रेवर वाळवण होऊ दे. दिवाळीला शेजाऱ्यांच्या फराळाच्या ताटात करंजीबरोबर याच अंगणातला सुका जर्दाळू असू दे.

आणि ज्यांचं पोटच या झाडावर चालतं, त्यांना माझ्या आधी दे. तुर्कस्तानातल्या मालात्यातून जगाचा बराचसा सुका जर्दाळू येतो. २०२३ च्या फेब्रुवारीत भूकंपाने त्यांची घरं पाडली, २०२५ च्या एप्रिलमध्ये हिमाच्या कडाक्याने त्यांची झाडं जाळली. त्यांना सावर. लडाखमध्ये कारगिलला, शाम भागात, नुब्रातल्या तुर्तुकला लोक हिमनद्यांच्या पाण्यावर हे झाड जगवतात आणि घराच्या धाब्यावर फळ वाळवतात. त्यांनी हलमान ही जात जपली, पांढऱ्या आठळीचा, गोड दाण्याचा रक्त्से कार्पो जपला. त्यांच्या हिमनद्या आटू देऊ नकोस, आणि त्यांच्या फळाला रास्त भाव मिळू दे. कॅलिफोर्नियाच्या बागांत भर उन्हात शिडीवर उभं राहून फळ तोडणाऱ्या मजुरांना सावली दे, पाणी दे, पुरेशी मजुरी दे आणि रात्री निर्धास्त झोप दे. नाशिकच्या माझ्या भावांच्या द्राक्षांवर गारा पडू देऊ नकोस. थंडी मागत असले तरी पावसाचं जुनं मागणं मी सोडलेलं नाही.

तुझ्यापाशी बोलता बोलता माझं मन ठरत आलं आहे, पांडुरंगा. या जानेवारीत मी मारियानाच्या खुंटावरचा ब्लेनहाइम लावते. या खोऱ्याने ज्याला शंभराहून अधिक वर्षं सांभाळलं, त्यालाच आधी मान. झाड धरलं की एक-दोन वर्षांनी, उन्हाळ्याच्या शेवटी साल सुटी होईल तेव्हा, त्याच्या एका फांदीवर गोल्ड किस्टचा डोळा भरीन. ज्या वर्षी हिवाळा फारच उबदार जाईल, त्या वर्षी निदान ती फांदी फळेल. एका खोडावर दोन स्वभाव नांदतील. जुन्याची कदर आणि पुढच्या दिवसांची तयारी, दोन्ही एका झाडात मला साधू दे.

हे झाड फळावर यायला तीन-चार वर्षं जातील. तोवर धीर दे. आमची घरं या गावात कायमची नसतात, नोकरीबरोबर माणसं हलतात. हे घर दुसऱ्याच्या हाती गेलं, तर त्याला झाडाची जात, खुंट, छाटणीचा महिना हे सगळं लिहून देण्याची आठवण मला राहू दे, आणि त्याला ते वाचायची इच्छा होऊ दे. इतकं करूनही इथले हिवाळे ब्लेनहाइमला पुरेनासे झाले, तर त्याच्यावरचा माझा जीव बाजूला ठेवून त्या मातीला मानवेल ते दुसरं झाड लावायची हिंमत मला दे.

आणि शेवटचं. ज्या कुणाला हे झाड लावावंसं वाटेल, तो मला विचारायला येईल की कोणती जात चांगली. तेव्हा पटकन नाव सांगण्याची घाई मला होऊ देऊ नकोस. तुमच्याकडे थंडी किती पडते, पाऊस कधी येतो, पाणी कुठे साचतं, शेजारी कोणतं झाड जुनं आहे, हे मी त्याला आधी विचारावं, आणि त्याचं उत्तर पुरतं ऐकून घ्यावं. एवढी बुद्धी दे, देवा. बाकी मी राबेन.